सतरा नंबरचा सायकलमार्ग

"या शहराभोवती असा एकही रस्ता नाही, जो मला ओळखत नाही!" असं म्हणून ड्रायव्हरकाकांनी टेबलावर मूठ आपटली आणि चहाचे सगळे कप बश्यांमध्ये दचकले.

काकांना हे बोलायचा हक्क होता. एकोणतीस वर्षं त्यांनी सतरा नंबरची बस चालवली होती. शहरातून निघायचं, टेकडीला वळसा घालायचा, तलावाच्या काठाकाठाने सात गावं घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा शहरात शिरायचं. निवृत्त झाल्यावर मात्र घरात त्यांना कोणी विचारेना. मुलगा म्हणे, "बाबा, जरा बाजूला." सून म्हणे, "बाबा, जरा तिकडे." बायको तर काहीच म्हणत नसे, ती नुसता झाडू मारत पुढे येई आणि काका आपोआप मागे सरकत. बसभर माणसं पाठीशी घेऊन फिरलेला माणूस! आता पाठीशी खुर्चीची पाठ तेवढी उरली होती.

म्हणून ते रविवारच्या सायकल मंडळात शिरले. आणि म्हणूनच, मंडळाच्या कप्तानाची लांब कुठेतरी बदली झाली हे ऐकल्यापासून त्यांचं जेवणात लक्ष लागेना. कप्तान म्हणजे सगळ्यांच्या पुढे! बाकी सगळे मागे! काकांना दुसरं काय हवं होतं?

आडवे आले दाताचे डॉक्टर. डॉक्टरांची सायकल इतकी हलकी होती, की भिंतीला टेकवली तर वाऱ्याने पडेल म्हणून ते स्वतः तिला टेकून उभे राहत. ती विकत घ्यायला शहरातल्या किती दाढा कामी आल्या असतील, कोण जाणे! दर रविवारचा मार्ग तेच मोबाइलवर आखत. लाल रेघ, निळी रेघ, कुठे चढ, कुठे उतार, सगळं त्यात दिसे. रस्ता तेवढा दिसत नसे. मागच्याच रविवारी मोबाइल म्हणाला, सरळ जा. सरळ एक गोठा होता. डॉक्टर म्हणाले, "मोबाइल चुकत नाही." म्हशीला ते काही पटलं नाही.

शिवाय डॉक्टरांच्या मागे मंडळ कधी एकत्र राहतच नसे. सुटले की सगळे एकमेकांवर मात करायला धावत. पहिला घरी पोचून आंघोळ करून पेपर वाचत असे, तेव्हा शेवटचा कुठल्यातरी फाट्यावर लोकांना विचारत असे, "इकडून घट्ट कपड्यांतली माणसं गेली का हो?"

शेवटी मंडळाच्या सचिव वकीलबाई म्हणाल्या, "या रविवारी काकांच्या मार्गाने जाऊ. परत आलो की चहा, आणि चहानंतर हात वर करून मतदान. डॉक्टर की काका, एकदाचं ठरवून टाकू."

काका घरी गेले ते छाती पुढे काढूनच. बायकोला म्हणाले, "रविवारी दुपारी तू कप्तानाची बायको असशील!"

"असेन हो," बायको म्हणाली. "तोवर ड्रायव्हरच्या बायकोला दूध आणून द्या."

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काकांनी घंटी वाजवली. सहा वाजून नऊ नाही, अकरा नाही. त्यांची सायकल लोखंडी, काळी, मागे भलंमोठं कॅरिअर असलेली. तिच्यामागे चाळीस चकचकीत सायकली, चाळीस हेल्मेटं आणि तेवढेच काळे चष्मे, सूर्य अजून उगवायचा असला तरी! पाठीला तीन-तीन खिसे असलेले ते तंग शर्ट बघून कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून विचारात पडली.

पहिले सहा किलोमीटर झकास गेले. मग वडाच्या झाडाखाली, एका बंद दुकानासमोर, काकांनी हात वर करून ब्रेक दाबला. चाळीस ब्रेक किंचाळले.

"काय झालं? पंक्चर?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"तीन मिनिटं लवकर आलोय."

"मग चांगलंच आहे की! चला!"

"चला कसं? लवकर निघालो तर धावत येणाऱ्याची चुकते."

डॉक्टरांनी मागेपुढे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "कोणाची? अहो काका, आपण सायकलवर आहोत!"

"म्हणून काय वेळ पाळायची नाही?"

चाळीस माणसं बंद दुकानाकडे बघत तीन मिनिटं उभी राहिली. डॉक्टरांच्या मनगटावरचं घड्याळ दर अर्ध्या मिनिटाने पिंपिं करून विचारत होतं, व्यायाम संपला का? डॉक्टर त्याला दरवेळी नाही म्हणून सांगत होते. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चढला.

पुढच्या वळणावर पुन्हा दोन मिनिटं. तलावाच्या काठी चार. तेव्हा कुठे डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, हा सायकलचा मार्ग कसला! हा तर सतरा नंबर आहे! तुम्ही आम्हाला बसच्या थांब्याथांब्यावर उभं करताय!"

"मग दुसरा मार्ग आणू कुठून?" काका शांतपणे म्हणाले. "आणि एक तरी खड्डा लागला का आतापर्यंत?"

खरंच लागला नव्हता. काका हँडल न बघता वळवत आणि खड्डा बाजूने निघून जाई, ओळखीच्या माणसासारखा.

घोटाळा झाला तो पाचव्या थांब्यावर. तिथे रस्त्याच्या कडेला अंडीवाली आजी उभी होती. शेजारी दोरीने बांधलेले अंड्यांचे आठ ट्रे, एकावर एक. रविवारची पहिली बस याच रविवारपासून बंद झाली होती आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. तासभर ती रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. लांबून काका दिसले आणि तिने हात केला.

आणि हात केलेला माणूस थांब्यावर सोडून काका एकोणतीस वर्षांत कधी पुढे गेले नव्हते.

"अरे डायवर, किती उशीर!" आजी म्हणाली. "आणि गाडी कुठाय?"

"गाडी... हीच आहे आज," काका सायकलकडे बघत पुटपुटले.

आजीने सायकल वरून खालून पाहिली. "तुझं काही चुकलं होतं का रे? शिक्षा म्हणून दिली का ही?"

"निवृत्त झालो, आजी."

"ते असू दे. नऊला अंडी बेकरीत पोचली पाहिजेत. नाहीतर तो दुसरीकडून घेतो म्हणालाय. एकदा गिऱ्हाईक गेलं की परत येत नाही, बाबा." असं म्हणत ती कॅरिअरवर बसलीसुद्धा! बसली ती उलटी, मागे तोंड करून. "आता ट्रे कुठे ठेवू?"

आठ ट्रे, दोनशे चाळीस अंडी. आजीची नजर त्या तंग शर्टांवर गेली आणि तिथेच थांबली.

"हे पाठीवरचे खिसे कशाला असतात गं?" तिने वकीलबाईंना विचारलं.

"केळं ठेवायला, आजी. किंवा मोबाइल."

"मग अंडी का नाही?"

प्रत्येकाच्या तीन खिशांत दोन-दोन. चाळीस माणसं, सहा-सहा अंडी. हिशेब असा चोख बसला, की डॉक्टरांनासुद्धा नाही म्हणता येईना. ते एवढंच म्हणाले, "माझा शर्ट इटालियन आहे."

"असू दे," आजी म्हणाली. "अंड्याला चालतो."

निघाले! आणि काय सांगावं, मंडळाच्या इतिहासात जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. कोणी पुढे पळेना! पाठीवर सहा अंडी असली की माणूस किती सभ्य होतो हे बघायला हवं होतं. कंबर ताठ, पाय सावकाश, एकमेकांत हातभर अंतर. नवरीला मांडवात आणतात तशी चाळीस माणसं आपापली पाठ घेऊन चालली होती. त्यात आजी उलटी बसलेली, त्यामुळे सगळी रांग तिच्या डोळ्यांसमोर.

"ए निळ्या टोपीच्या, पोक काढू नकोस, अंडी सांडतील! ए लांबड्या, मागची बाई दमलीय, तिला पुढे घे! मागून ट्रक येतोय रे, सगळे कडेला!"

आणि सगळे कडेला! डॉक्टरांनी दोन वर्षं शिट्ट्या मारून जे जमवलं नव्हतं, ते आजीने दोन किलोमीटरांत जमवलं. दर रविवारी मागे पडणारे लठ्ठ इंजिनिअर आज मधोमध होते, आणि आपल्याबरोबर कोणीतरी आहे या धक्क्यानेच त्यांना वेग आला होता.

काकांना यातलं काही दिसत नव्हतं. घाम पुसत ते पेडल मारत होते आणि मनातल्या मनात भाषण जुळवत होते. 'मित्रहो, तुम्ही माझ्यावर जो विश्वास दाखवलात...' मागून एकही तक्रार नाही, सगळे कसे शिस्तीत! याला म्हणतात पुढारीपण!

शहर आलं. मोठा चौक आला. सरळ गेलं की दोनशे पावलांवर बेकरी, आणि तिच्यापुढे मंडळाचा चहा. भाषणात काका तेव्हा 'मित्रहो' तिसऱ्यांदा म्हणत होते. आणि हात? हाताला भाषणाशी काय देणंघेणं! फेरी संपली की डावीकडे, हे त्याला एकोणतीस वर्षं ठाऊक होतं. डावा हात बाहेर आला, सायकल डावीकडे वळली.

सायकलवाल्यांची एक खोड असते. पुढच्याचं चाक जिकडे, आपलं चाक तिकडे. चाळीसही डावीकडे वळले, आणि आख्खं मंडळ बस डेपोच्या फाटकात शिरलं.

"अरे डायवर, बेकरी राहिली!" आजी ओरडली. पण फाटकावरच्या वॉचमनने काकांचा चेहरा बघून सवयीने दांडा वर केला आणि सवयीनेच हाक दिली, "चार नंबरला घ्या!"

काकांनी सवयीने चार नंबरला घेतली.

चार नंबर म्हणजे बस धुण्याची मार्गिका. तिथल्या बटणावरचा माणूस पेपर वाचत होता. चाकं आत आल्याचा आवाज झाला की बटण दाबायचं, मान वर करायची नाही, अशी त्याची पद्धत. त्याने बटण दाबलं.

दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीचे ब्रश गरागरा फिरायला लागले. वरून पाणी, खालून पाणी, मधून साबण! घंट्या वाजल्या, चष्मे उडाले, कोणाचं हेल्मेट ब्रशला लागून फिरत राहिलं. "बंद करा!" काका ओरडले, पण तोंडात फेस गेला आणि बाहेर नुसते बुडबुडे आले.

त्या गदारोळात एकच आवाज खणखणीत ऐकू आला. "अंडी सांभाळा! एकमेकांकडे पाठ करा! तोंडं ब्रशकडे करा, तोंडं!"

आणि त्या शिकल्यासवरल्या चाळीस माणसांनी तोंडं ब्रशकडे केली. वकीलबाईंच्या कानात साबण गेला, पण त्या हलल्या नाहीत. लठ्ठ इंजिनिअरांनी दोघांना आडोसा दिला. फक्त डॉक्टरांनी पाठ ब्रशकडे केली, कारण पोटाशी त्यांनी सायकल धरली होती.

यंत्र थांबलं. डेपोमॅनेजर धावत आला, बघतच राहिला आणि म्हणाला, "आता वाळवायचं यंत्रही लावू का?"

बेकरीत नऊला पाच कमी असताना दोनशे चौतीस अंडी पोचली. बेकरीवाल्याने ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "आजी, आज धुऊनसुद्धा आणलीत?" गिऱ्हाईक राहिलं. उरलेली सहा अंडी डॉक्टरांच्या इटालियन शर्टातून हळूहळू त्यांच्या बुटात उतरत होती.

मतदान तिथेच, बेकरीच्या पायरीवर झालं. सगळे थबथबलेले, फेसाळलेले, पण बऱ्याच दिवसांनी एका जागी!

"डॉक्टरांसाठी हात वर," वकीलबाई म्हणाल्या.

एक हात वर झाला. तो डॉक्टरांचाच होता आणि त्यालाही बलक लागला होता.

"काकांसाठी?"

काकांनी स्वतःचा हात खिशात घातला. आपणच आपल्याला मत देणं बरं दिसत नाही. ते नम्रपणे जमिनीकडे बघत राहिले. बराच वेळ बघितलं. मग मान वर केली. लांब फाटकावर वॉचमनचा हात वर होता, पण तो एका बसला आत घेत होता.

"माझं एक नाव आहे," लठ्ठ इंजिनिअर म्हणाले. "दोन वर्षांत आज पहिल्यांदा मी सगळ्यांबरोबर पोचलो. आजी!"

हात असे भराभर वर गेले, की पायरीवरची कबुतरं उडाली.

"अहो, पण त्यांना सायकल येत नाही!" काका कळवळून म्हणाले.

"तुम्हाला येते ना?" वकीलबाई म्हणाल्या. "मग झालं!"

आजीने ठराव नीट ऐकून घेतला, पदराने तोंड पुसलं आणि रिकामे ट्रे बगलेत मारून कॅरिअरवर चढून बसली. "चल डायवर," ती म्हणाली आणि त्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या, कंडक्टर दोन घंट्या देतो तशा. काकांना नाही म्हणायचं होतं. फार ठामपणे म्हणायचं होतं. पण पायाने पेडल कधीच मारलं होतं.

दुपारी ते घरी पोचले तेव्हा अंगाला साबणाचा वास येत होता. बायको झाडू हातात घेऊन दारातच उभी होती.

"काय हो, झालात का कप्तान?"

काकांनी बूट काढले, त्यातलं पाणी कुंडीत ओतलं आणि जरा वेळ घेऊन रुबाबात म्हणाले, "मंडळाचा कप्तान यापुढे दर रविवारी माझ्याच सायकलवर असणार आहे!"

यात एक अक्षरही खोटं नव्हतं.