होडी थांबवणारे हमीदचाचा

लोक होडी घेतात ती पाण्यावरून कुठं तरी जायला. हमीदचाचांनी घेतली ती थांबवायला.

अकोल्यात आमच्या घरासमोर त्यांचं ताडपत्रीचं दुकान. ट्रकांच्या ताडपत्र्या शिवण्यात आयुष्य गेलं आणि साठीला आल्यावर त्यांना शिडांचा नाद लागला. भर वाऱ्यात शिडाची होडी जागच्या जागी उभी करता येते, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं. मग एका भोयाकडून जुनी होडी घेतली आणि तासाभरावरच्या धरणावर नेऊन ठेवली.

"चालवाले काय, हवा हायेच," ते मला म्हणत. "थांबवाले डोस्कं लागते, मास्तर."

दर रविवारी काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास हातात धरून मी होडीत बसायचो. चहा सांडला की चाचा माझ्या पँटकडे बघून शांतपणे म्हणत, "फेल."

आधी एकच शीड होतं. ते सैल सोडलं की होडी आडवी होऊन डुलायची. मग मागं दुसरी डोलकाठी लावली. होडी जरा थांबायची, पण दोऱ्या इतक्या झाल्या की आम्हीच त्यांत अडकलो. ती काठी काढली आणि पुढं एक लहान तिकोनी शीड आलं. एका रविवारी चाचांनी ते मुद्दाम उलट्या बाजूला ताणलं, मोठं शीड सैल सोडलं आणि सुकाणूचा दांडा वारा जातो त्या बाजूला बांधून टाकला. शीड होडीला एकीकडे वळवू बघे, सुकाणू दुसरीकडे. त्या ओढाताणीत होडी गप्प झाली. ग्लासातला थेंबही हलला नाही.

"आता गावाले सांगू?" मी विचारलं.

"थांबा. एक सवारी बाकी हाय."

पुढच्या रविवारी ते चाचींना घेऊन आले. लग्नानंतर पहिल्यांदा होडीत बसल्या तेव्हा त्यांना गरगरून उलट्या झाल्या, सासरची सगळी माणसं हसली आणि त्या पुन्हा कधी पाण्याकडे फिरकल्या नाहीत. काठावर चप्पल काढताना चाचींनीच मला हे सांगितलं.

धरणाच्या मध्यापर्यंत त्या डोळे मिटून, फळी घट्ट धरून बसल्या होत्या. मी पुढं बसलो होतो. चाचांनी दोऱ्या बांधल्या. होडी थांबली. चाचींनी एक डोळा उघडला.

"कितनी देर रुकेगी ये?"

"तू बोलेगी तब तक."

चाचींनी फळी सोडली आणि हळूच एक हात पाण्यात बुडवला. मी त्या दोघांकडे पाठ करून पलीकडचा काठ बघत बसलो.