फौजदार आणि वकीलसाहेबांची घोडी

आमचा कुत्रा भुंकत नव्हता, म्हणून मी फाटकावर पाटी लावायचं ठरवलं. सगळं रामायण तिथून सुरू झालं.

कुत्र्याचं नाव फौजदार. बायकोच्या भावानं चांदवडहून आणून दिला तेव्हा त्याची छाती बघून मीच हे नाव ठेवलं. पुढे कळलं की छाती तेवढी फौजदाराची, काळीज माझं. कुकरची शिट्टी झाली की तो पलंगाखाली जायचा. (मी फक्त दचकतो.) आमच्या जेल रोडच्या कॉलनीत तेव्हा चोऱ्या फार व्हायच्या आणि माझी एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात कधी कधी दुपारची ड्यूटी असायची. म्हटलं, कुत्रा नाही तर निदान पाटी तरी भुंकेल. नंबरप्लेटवाल्या पेंटरकडून लाल अक्षरांत लिहून घेतलं: ‘भयंकर कुत्रा! सावध राहा!’ त्यानं कौतुकानं खाली सुळे असलेलं एक चित्रही काढलं. ते बघून फौजदार दिवसभर अंगणात आला नाही.

रविवारी सकाळी पाटी तिरकी दिसली म्हणून फाटक उघडून मी ती सरळ करत होतो. तेवढ्यात आमच्या गल्लीतले ॲडव्होकेट धोंडीराम गायधनी घोडीवरून आले. डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितल्यापासून ते रोज घोडीवरून फेरी मारत. आणि काय झालं देव जाणे, फौजदार माझ्या पायांमधून बाहेर गेला आणि जन्मात पहिल्यांदा भुंकला!

घोडी बुजून मागच्या पायांवर उभी राहिली. वकीलसाहेब क्षणभर पुतळ्यासारखे दिसले आणि मग शेजारच्या बांधकामाच्या वाळूत जाऊन पडले. स्वतःचा आवाज ऐकून घाबरलेला फौजदार घरात पळाला.

मी धावत त्यांच्या घरी गेलो. लताताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, दारातच होत्या.

“ताई, आमच्या फौजदारानं साहेबांना पाडलं!”

“फौजदारानं? ह्यांना? अगंबाई, अटक केली की काय?”

“नाही नाही, तो पळून गेला.”

“फौजदार पळून गेला?”

“हो. पलंगाखाली बसलाय.”

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू डोक्यावर मीच पडलो होतो.

साहेबांच्या मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. संध्याकाळी मी आणि बायको दीपमाला डझनभर केळी घेऊन भेटायला गेलो. साहेब पलंगावर उशीला टेकून बसले होते, अगदी न्यायाधीशासारखे.

“सावळीराम, जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा. कलम दोनशे एकोणनव्वद. शिवाय नुकसानभरपाई वेगळी.”

“पण साहेब, मी तर पाटी लावली होती!”

“तोच तर पुरावा! कुत्रा भयंकर आहे हे मालकाला ठाऊक होतं.”

“तो भयंकर नाही हो. मांजरीला भितो.”

“म्हणजे पाटीवर खोटं लिहून लोकांची फसवणूक केलीत. त्याचं कलम आणखी निराळं.”

“मग हे... दिवाणी होईल की फौजदारी?”

“कुत्र्याचं नाव काय म्हणालात?”

“फौजदार.”

“बघा, तुम्हीच सांगितलंत.”

मला नोकरी जाताना दिसली. दीपमालाला फौजदार जाताना दिसला. तिचे डोळे भरले. (माझ्या नोकरीसाठी भरले असते तर बरं वाटलं असतं.) लताताई तिला हाताला धरून चहा करायला आत घेऊन गेल्या.

त्या जाताच साहेब एकदम पुढे वाकले. “दार लोटा.”

मी लोटलं. त्यांनी प्लास्टर नसलेल्या हातानं माझा हात घट्ट धरला.

“सावळीराम, तुमचे उपकार कसे फेडू?”

“अं?”

“डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला. हिच्या भावानं घोडी पाठवली आणि ही म्हणाली, चालण्यापेक्षा हे बरं, रुबाब दिसतो. अहो, मला घोड्याची भयंकर भीती वाटते! रोज सकाळी रिकिबीत पाय टाकताना मृत्युपत्र आठवायचं. आता डॉक्टरांनीच घोडी बंद केली. प्लास्टर निघालं तरी बंद!”

“मग केस?”

“कसली केस? हिच्यासमोर थोडा चिडलो, एवढंच. त्या गुणी कुत्र्याला माझ्याकडून बिस्किटं द्या.”

मी इतका मोठा श्वास सोडला की खिडकीचा पडदा हलला. आणलेल्या केळ्यांतलं एक आनंदाच्या भरात मीच खाल्लं.

तेवढ्यात चहा आला. दोघी हसत होत्या. ते बघूनच मी सावध व्हायला हवं होतं.

“आमची तडजोड झाली,” लताताई म्हणाल्या. “केस नको, भरपाई नको. पण घोडी नुसती उभी राहून आखडेल. तेव्हा रोज सकाळी हे तिला फिरवतील.”

“हे म्हणजे कोण?” मी विचारलं.

“तुम्हीच,” दीपमाला म्हणाली. “तुमचं पोटसुद्धा काही कमी नाही.”

मी साहेबांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी कॉलनी जमली. स्टुलावर चढून, दोघांनी ढकलून, देवाचं नाव घेत मी एकदाचा घोडीवर बसलो. लगाम ओढला, टाच मारली, “चल बाई” म्हटलं. घोडी हलेना. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि चारही पाय जरासे फाकवून तशीच उभी राहिली.

लताताई कावऱ्याबावऱ्या होऊन पुढे आल्या. घोडीच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी घरात हाक मारली, “अहो, जरा बाहेर या! घोडीला काही झालं, तर वर बसलेल्या माणसाला कुठलं कलम लागतं?”