बूट काढलेस का?

कर्णिककाकांचा फोन आला की 'हॅलो' म्हणायची सोय नाही. पलीकडून थेट प्रश्न येतो, "पोचलास का?"

'हो' म्हटलं की उलटतपासणी सुरू. "घरी म्हणजे घरात, की पार्किंगमध्ये?"

"लिफ्टमध्ये आहे, काका."

"मग पोचलास कुठे? आत जा, बूट काढ, मग सांग."

आणि फोन चालू ठेवून हा गृहस्थ माझ्या बुटांची वाट बघत बसतो. माझी बायको म्हणते, "लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तुझ्या बुटांची इतकी काळजी मी कधी केली नाही."

आमची ओळख गाड्यांमुळे झाली. जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकली, मातीत आणि दगडाधोंड्यांत घालायच्या. घरचे त्यांना भंगार म्हणतात आणि त्यांचे पार्ट खरोखरच भंगारात शोधावे लागतात. आम्ही पाच वेडे. रविवारी सकाळी शीळफाट्याला टपरीवर चहा घ्यायचा आणि मलंगगडाच्या पायथ्याच्या कच्च्या वाटांवर धूळ खायला निघायचं. मी कल्याणचा, सचिन घोडबंदर रोडचा, काका डोंबिवलीचे. सत्तरी ओलांडलेली. काकू गेल्यापासून एकटेच असतात.

या वयात डोंगरात गाडी घालतो म्हणजे माणूस धाडसी असेल, असं तुम्हाला वाटेल. छे हो! इतका घाबरट माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. स्वतः पडले तर कपडे झटकून उठतात, त्याचं काही नाही. भीती सगळी आमची. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत जादा प्लग, ट्यूब, क्लच केबल, दोरी, इलेक्ट्रॉल आणि चटणी-सँडविच. "काका, हा संसार कशाला?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "असू दे रे, लागलं तर?"

आमच्यातला एक नियमही त्यांचाच. वाटेला फाटा फुटला की पुढच्यानं तिथे थांबायचं. मागचा दिसला, त्यानं हात केला, की मगच हलायचं. त्यामुळे कुणी चुकीच्या वाटेला लागत नाही. सचिन त्यांना 'ट्रॅफिक हवालदार' म्हणायचा. काकांना त्याचं काही वाटायचं नाही.

तर त्या रविवारची गोष्ट. बाकी दोघं पुढे, मग मी, माझ्यामागे काका आणि सगळ्यात मागे सचिन. पिंपळाजवळ वाटा फुटतात, तिथे मी थांबलेलो. काका आले, हात केला, मी निघालो. आता सचिनसाठी ते थांबणार. आम्ही तिघं टेकडीवरच्या देवळापाशी पोचलो. तिथे जरा रेंज येते. बघतो तर सचिनचा मेसेज, 'क्लच केबल गेली. टेम्पो मिळाला, घरी चाललोय.'

आम्हाला वाटलं, काका त्याच्यासोबत गेले. नेहमी तेच होतं. कुणाची गाडी बंद पडली की हे टेम्पोच्या मागे मागे थेट त्याच्या दारापर्यंत जातात. आम्ही निवांत भजी खाल्ली आणि दुसऱ्या बाजूच्या रस्त्यानं घरी आलो.

जेवलो, झोपलो, उठलो. चहा घेताना बायको म्हणाली, "आज तुझ्या बुटांची चौकशी झाली नाही रे?"

कप हातातच राहिला. खरंच की, फोन आलेला नव्हता. पावसात, तापात, एकदा तर दात काढून आल्यावरसुद्धा या माणसानं फोन चुकवला नव्हता. मी सचिनला लावला.

"सच्या, काका तुझ्यासोबत आले ना?"

"माझ्यासोबत? ते तर तुमच्यासोबत होते ना? मी पिंपळाच्या अलीकडूनच टेम्पोत बसलो."

मग काकांना लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. सचिन कार काढून लगेच निघाला, पण घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून माणूस सुटेल तेव्हा खरं. मी गाडीला किक मारली. एरवी तीन-चार किक घेणारी गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि त्याचीही मला भीती वाटली.

वाटभर नको नको ते डोळ्यांसमोर. उताराला टायर घसरल्याच्या खुणा दिसल्या की थांबायचो. दरीत वाकून "काकाऽऽ" म्हणून ओरडायचो. उत्तर नाही. खुणा आमच्याच होत्या, सकाळच्या. ऊन उतरत चाललेलं. देवा, हातपाय मोडलेला असू दे, पण माणूस असू दे, असं काहीतरी मी पुटपुटत होतो.

पिंपळाच्या वळणावर आधी लाल नॅपकिन दिसला. हँडलला बांधलेला. शेजारी काका उभे. हेल्मेट घातलेलं, पाठीवर पिशवी, तोंड सचिन यायच्या वाटेकडे.

मी गाडी टाकून धावलो. ते ओरडले, "सच्या सापडला का रे?"

मी भडकलोच. "अहो काका, सकाळपासून इथे? टेकडीवर जाऊन फोन तरी करायचा!"

"आणि तेवढ्यात तो आला असता तर? डावीकडे गेला असता तर थेट खाणीत, बाबा."

"निदान बसायचं तरी!"

"बसलो तर या गवतात दिसणार कसा त्याला?"

"तो केव्हाच घरी गेलाय. केबल तुटली त्याची."

"घरी म्हणजे घरात?"

"घरात."

"बूट?"

"काढले हो, काढले!"

तेव्हा कुठे काका मटकन खाली बसले. पिशवीतून सँडविच काढून त्यांनी अर्धं मला दिलं आणि म्हणाले, "केबल होती रे माझ्याकडे."

शीळफाट्याला सचिन भेटला. त्यानं काकांना मिठी मारली. काका म्हणाले, "अरे, ट्रॅफिक अडेल." आम्हाला त्यांनी दारापर्यंत येऊ दिलं नाही. तुम्हाला वाकडं पडेल, म्हणाले.

घरी येऊन बूट काढले आणि त्यांचा फोन यायच्या आत मीच लावला.

"काका, पोचलात का?"



"थांब," काका म्हणाले. आवाज बसलेला. "दारात आहे अजून. ठेवू नकोस हं."

किल्ल्या वाजल्या. कुलूप. कडी. दिव्याचं बटण. मग एक बूट, मग दुसरा.

"हं," काका म्हणाले, "आता विचार."