हिरडवाडी विकणे आहे

मार्गासनीच्या रोहिदासनं एका सोमवारी नसरापूरच्या आपल्या दुकानाचं शटर वर केलं, देवाला उदबत्ती ओवाळली आणि बायकोला जाहीर सांगून टाकलं, "वर्षाराणी, झेरॉक्स मारायचे दिवस संपले. आजपास्नं म्या जमिनीच्या धंद्यात!"

वर्षाराणी लॅमिनेशनचं मशीन पुसत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "कुठली जमीन?"

"इंटरनेटवरची!"

"ती दिसती का?"

"न्हाई."

"मग पेरणार काय तिच्यात?"

"पेरायचं न्हाई गं! घ्यायची आन् विकायची!"

झालं होतं असं, की रोहिदासनं मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. त्यात कोट घातलेला एक माणूस सांगत होता, की प्रत्येक धंद्याला वेबसाइट लागते, प्रत्येक वेबसाइटला नाव लागतं, आणि ते नाव जो पहिल्यांदा नोंदवेल तो त्याचा मालक! पुढं ज्याला ते नाव हवं असेल तो आपल्या दारात येतो. आपण फक्त पाय हलवत बसायचं. नाव मात्र छोटं पाहिजे, लक्षात राहणारं पाहिजे, की झालात लखपती! रोहिदासला हा धंदा एकदम पसंत पडला. पाय हलवत बसण्याचा त्याला दांडगा अनुभव होता.

तो लगेच नावं शोधायला बसला. 'भोर' टाकलं, गेलेलं! 'वेल्हे' टाकलं, गेलेलं! 'तांदूळ' गेला, 'इंद्रायणी' गेली, 'आंबेमोहर' गेला. बरं, घाईत स्पेलिंग चुकलं, तर तेही कुणीतरी घेऊन ठेवलेलं! लोकांनी शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा शिल्लक ठेवल्या नव्हत्या! दुपारपर्यंत रोहिदासचा चेहरा शेवटची एसटी चुकलेल्या माणसासारखा झाला. शेवटी वैतागून त्यानं सासुरवाडीचं नाव टाकलं.

हिरडवाडी डॉट कॉम.

हिरवी खूण आली! मोकळं!

रोहिदास असा उडाला, की स्टूल एकीकडं आणि तो दुसरीकडं. "अगं, तुझं माहेर मोकळं पडलंय! आन् इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं न्हाई!"

"माझ्या माहेराला कोन घेतंय?" वर्षाराणी म्हणाली. पण तिनं हे म्हणेपर्यंत रोहिदासनं पैसे भरलेसुद्धा.

हिरडवाडी म्हणजे वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला चिकटलेली पंचवीस-तीस उंबऱ्यांची वाडी. शेरडं, म्हशी आणि भाताची खाचरं. रोहिदासचे सासरे रायबा तिथले जुने, शब्दाला वजन असलेले गृहस्थ. पुण्याकडचे प्लॉटवाले एजंट गेली काही वर्षं वाडीवर गोचिडासारखे चिकटून होते. "आजोबा, सही करा, फार्महाउस बांधू!" असं म्हणत येत, आणि रायबा त्यांना ताक पाजून, वाटेला लावून देत. हे सगळं रोहिदासला ठाऊक होतं. पण लखपती व्हायला निघालेल्या माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही, ही त्यातली गोम.

आता नाव विकायचं तर जाहिरात पाहिजे. नाव नोंदवणाऱ्या कंपनीनं एक फुकटचं पान दिलं आणि म्हटलं, वर्णन लिहा. रोहिदासनं आयुष्यात जाहिराती छापल्या होत्या त्या सगळ्या प्लॉटच्या. दुकानात गिऱ्हाईकं येत, तो टाईप करून देई. हात त्याच वळणाचा झालेला. त्यानं झोकात लिहिलं:

"हिरडवाडी विकणे आहे! छोटी, सुटसुटीत, कायम लक्षात राहणारी. एकच मालक. कोरी करकरीत, आजवर कोणीही वापरलेली नाही. कसलीही भानगड नाही. व्यवहार होताच त्वरित ताबा!"

खाली मोबाईल नंबर. आणि नुसता मजकूर ओकाबोका दिसतो म्हणून त्यानं मेव्हण्याच्या लग्नातला एक फोटो डकवला. मागं डोंगर, पुढं भाताचं खाचर, मधे शेरडं आणि शेरडांच्या मधे फेटा बांधलेले रायबा!

गुरुवारी फोन आला. पुण्याहून कुणी स्वरूप नावाचा माणूस होता, फार गोड बोलणारा.

"ती हिरडवाडी अजून आहे ना, हो?"

रोहिदासनं बायकोला खुणेनं गप्प केलं. "हाय की!"

"कागदोपत्री सगळं क्लिअर?"

"एकदम! माझ्या एकट्याच्या नावावर हाय."

"भाऊबंद वगैरे कोणी आडवं येणार नाही ना?"

"भाऊबंदांना पत्ताच न्हाई!"

"वा! मग आम्ही एकदा बघून घेतो."

"बघा की! कधीबी बघा. रातध्याड उघडीच असती!"

फोन ठेवून रोहिदासनं वर्षाराणीकडं असं पाहिलं, जसा काही तो आत्ताच आमदार झालाय. "ऐकलंस? गिऱ्हाईक पाय घासत आलं!"

"त्यानं भाऊबंद कशाला विचारलं?" वर्षाराणीनं शंका काढली.

"शहरातली मान्सं. त्यांना चौकशा लई!"

शनिवारी सकाळी मेव्हणा सोमनाथचा फोन आला. हिरडवाडीत रेंज फक्त वरच्या पठारावर येते, त्यामुळं तो पठार चढून आलेला आणि भात्यासारखा धापत होता.

"दाजी! तुमी... वाडी... इकली?"

"व्हय, काढली की विकायला!" रोहिदास खुशीत म्हणाला. "तुला कुणी सांगितलं?"

मग सोमनाथ एवढंच म्हणाला, "हितं एक मानूस टेप घिऊन आपला गोठा मोजतोय. आबांनी तुमास्नी बलिवलंय. आत्ताच्या आत्ता," आणि फोन तुटला.

रोहिदासच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. कोरी करकरीत... एकच मालक... त्वरित ताबा... एकेक शब्द त्याच्या कानात टेम्पोच्या हॉर्नसारखा वाजायला लागला. "वर्षाराणी," तो बारीक आवाजात म्हणाला, "दुकान बंद कर. तुझ्या माहेरी जायचंय."

"काय केलंत तुमी?"

"काहीच न्हाई गं. म्हंजी... चुकून हिरडवाडी विकायला काढली."

वाटेत मोटारसायकलवर वर्षाराणी एक अक्षर बोलली नाही. रोहिदासला त्याचीच जास्त भीती वाटली.

वाडीत शिरल्या शिरल्या दिसलं ते दृश्य असं: देवळापुढं अख्खी वाडी गोळा झालेली. मधोमध खुर्चीवर पुण्याचा स्वरूप, हातात ताकाचा तांब्या. त्याचा हा तिसरा तांब्या होता. वाडीनं पाव्हण्याला उपाशी ठेवलं नव्हतं आणि सोडलंही नव्हतं. त्याच्या गाडीपुढं दोन म्हशी आडव्या बसवल्या होत्या. शेजारी रायबा, काठीवर दोन्ही हात ठेवून. आणि ओट्यावर सासूबाई आक्काबाई डोळ्यांना पदर लावून.

लेकीला बघताच आक्काबाईंनी हंबरडाच फोडला. "पोरी, कुनाच्या पदरात टाकलं गं तुला! ह्यानं आमची वाडी इकली, उद्या तुला बी इकंल!"

"मामी, तसं न्हाई..."

"गप ऱ्हावा, पाव्हणं!" रखमाजी तात्या गरजले. हे रायबांचे चुलतभाऊ, आवाज असा की डोंगर उलट उत्तर देई. "समद्या वाडीचं सातबारं आपन ह्याच्याच दुकानातनं काढतो! समदं नंबर ह्याच्या मशिनीत हाईत! दाबलं बटन आन् केली इक्री!"

ही गोष्ट वाडीला एकदम पटली. कुणी म्हणालं, तरीच मागच्या येळी प्रिंट काढताना मशीन दोनदा वाजलं होतं!

स्वरूप उठून उभा राहिला. "हे बघा, मला काही माहीत नाही. यांनी मला स्वतः सांगितलं, एकट्याच्या नावावर आहे, भाऊबंदांना पत्ताच नाही!"

भाऊबंदांनी रोहिदासकडं बघितलं. सगळेच भाऊबंद होते.

रोहिदास मधे शिरला. "अवं, म्या वाडी न्हाई विकली! नाव विकतोय! वाडीचं नुसतं नाव!"

हे ऐकून तर गलका आणखीनच वाढला. रायबांनी हात वर केला, तेव्हा कुठं लोक गप्प झाले. ते सावकाश म्हणाले, "जावईबापू, जिमीन इकली तर निदान मान्सानं फुडं काय करायचं त्ये कळतं. नाव इकल्यावं आमी कुठलं म्हून सांगायचं?"

त्या कोटवाल्या माणसानं व्हिडिओत हा मुद्दा घेतलाच नव्हता.

"ते पान दाखवा आदी," वर्षाराणी पहिल्यांदाच बोलली. "काय लिवलंय ते समद्यांनी बघू द्या."

पण रेंज पठारावर! मग काय, पुढं रोहिदास, त्याच्या मागं वर्षाराणी, मागं रायबा, मागं रखमाजी, मागं ताकानं जड झालेला स्वरूप, त्याच्यामागं अख्खी वाडी आणि आपल्यालाच चरायला नेताहेत असं समजून निघालेली सगळी शेरडं. अशी वरात डोंगर चढली. वर पोहोचल्यावर मोबाईलवर पान उघडलं आणि वर्षाराणीनं ते मोठ्यानं वाचलं.

"छोटी, सुटसुटीत."

"सुटसुटीत? हितं एसटी येत न्हाई!" कुणीतरी मागून ओरडलं.

"कोरी करकरीत, आजवर कोणीही वापरलेली नाही."

"मग आमी काय झाडावं ऱ्हातो?" रखमाजी तात्या.

"कसलीही भानगड नाही."

यावर मात्र पहिल्यांदा हसू फुटलं. कारण वाडीत बांधावरून बोलणं बंद असलेली चारपाच घरं शेजारी शेजारीच उभी होती!

वर्षाराणीनं मग आपल्या भाषेत समजावलं. "आबा, हे दुकानाच्या पाटीगत हाय. पाटीवर नाव लिवलं म्हून वाडी जात न्हाई. ह्यांनी पाटी घेतली आन् पाटीच विकायला काढली. सातबाऱ्याशी तिचा काय संबंध न्हाई. सातबारा तलाठ्याकडं, पाटी ह्यांच्याकडं."

रायबांनी मोबाईल स्वतःच्या हातात घेतला. स्वतःचा फेट्यातला फोटो त्यांना दिसला. मग त्यांनी रोहिदासला विचारलं, "म्हंजी जिमीन जागच्या जागी?"

"जागच्या जागी, मामा."

"गोठा?"

"गोठा बी."

"आन् ही शेरडं?"

"एकूण एक तुमचीच!"

रायबा तिथंच एका दगडावर बसले. खाली त्यांची खाचरं उन्हात पसरली होती. त्यांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं एकदा चाचपून घेतली आणि लांब श्वास सोडला. त्यांच्याबरोबर अख्ख्या वाडीनं सोडला. रोहिदासला तर मानेवरची गोणी कुणीतरी उतरवल्यासारखं झालं. इतकं हलकं त्याला लग्नातल्या हळदीनंतर आंघोळ केल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं!

"मामा, चुकलो," तो म्हणाला. "आत्ता खोडतो."

"थांबा!" रायबा म्हणाले. "खोडू नगा. उंद्या दुसरा कुनी घील. नाव ठेवा, पर ते वर्षाच्या नावावं करा. आमच्या लेकीपाशी ऱ्हाऊ द्या."

तिथल्या तिथं, पठारावर, सोमनाथनं मोबाईल उंच धरून रेंज पकडली आणि मालकी बदलायचा अर्ज गेला. 'विकणे आहे' मधल्या 'आहे'च्या जागी वर्षाराणीनं स्वतःच्या बोटानं 'नाही' लिहिलं. रोहिदासचा जमिनीचा धंदा एका आठवड्याच्या आत बुडाला, आणि बुडाल्याचा एवढा आनंद त्या पठारावर दुसऱ्या कुणालाच झाला नसेल!

स्वरूपही मोकळेपणानं हसला. "काका, माझं चुकलं. न विचारता गोठा मोजला."

"मोजला तर मोजला," रायबा म्हणाले. "किती भरला? आमी कधी मोजलाच न्हाई."

आक्काबाईंनी डोळे पुसून चूल पेटवली. कोंबडं कापलं गेलं, तांदळाच्या भाकरी झाल्या. दुपारी पंगत बसली तेव्हा स्वरूप आणि रोहिदास शेजारी शेजारी होते, आणि म्हशींनी आपण होऊन वाट सोडली होती. आक्काबाईंनी जावयाच्या ताटात रस्सा वाढला, तोही काठोकाठ. रोहिदास मान खाली घालून जेवत होता. बला टळली होती, बायको बोलायला लागली होती, आणखी काय पाहिजे माणसाला?

एवढ्यात रायबा जरा सरकून त्याच्या कानाशी आले. इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"जावईबापू, ही नावं कुनीबी घिऊ शकतं म्हनता?"

"व्हय मामा. मोकळं असलं तर."

"मंग जरा बगा की," रायबांचे डोळे लकाकले, "वड्याच्या पल्याडची ती गेनूची वाडी हाय न्हवं, लई टेचात असत्यात ती मान्सं... त्यांचं मोकळं हाय का?"

रोहिदासला जोराचा ठसका लागला. त्यानं एका हातानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि दुसऱ्या हातानं मोबाईल मुकाट्यानं वर्षाराणीकडं सरकवून दिला.