नानांची प्रमुख पाहुणी

नानांच्या तावडीतून सत्कार न होता कुणी सुटलं, असं आमच्या गावात मी पाहिलं नाही. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस, रस्ता चुकून आलेला ट्रक ड्रायव्हर, म्हशीला तपासायला आलेले डॉक्टर, सगळ्यांचा झाला. डॉक्टर पोचायच्या आधीच म्हैस सुखरूप व्याली, म्हणून म्हशीचाही झाला.

नाना आमच्या समोर राहायचे. निवृत्त मास्तर. खांद्याला कायम कापडी पिशवी, पिशवीत एक शाल आणि एक नारळ. माणूस दिसला की पिशवीत हात. टाळ्या संपल्या की पाहुण्याच्या खांद्यावरून शाल हळूच उतरवून घ्यायचे आणि घडी घालता घालता म्हणायचे, "शाल गावनी शे, मान तुमना शे." नारळ मात्र देऊन टाकायचे. म्हशीचा नारळ म्हशीच्या मालकाने खाल्ला.

आमचं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरातल्या पाड्यांवरच्या मुलींसाठी नाना एक वसतिगृह चालवत. मुली बत्तीस आणि न्हाणीघर एकही नाही. मुली पहाटे अंधारात, दोघींनी धरलेल्या लुगड्याच्या आडोशाला आंघोळ करायच्या. न्हाणीघरासाठी नानांनी कुठे कुठे पत्रं पाठवली होती. शेवटी एका पत्राचं उत्तर आलं ते थेट नॉर्वेहून, आणि उत्तर म्हणजे एक मुलगी होती.

तिचं नाव इंग्रिड, वय एकोणीस. त्यांच्याकडची काही मुलं शाळा संपली की वर्षभर परदेशात जाऊन फुकट काम करतात, असं तिने सांगितलं. माझ्या आईला ते अजिबात पटलं नाही. फुकट काम करायला एवढ्या लांब कशाला यायचं, हिच्या घरी काम नाही का, असं आई मला विचारत राहिली. मी धुळ्याच्या इंग्रजी शाळेत शिकले होते आणि बारावीनंतर घरीच होते. त्यामुळे इंग्रिड आमच्याकडे उतरली आणि दुभाष्याचं काम न विचारता माझ्या गळ्यात पडलं. मी चार माणसांत मराठीसुद्धा बोलत नसे.

इंग्रिडचे वडील गवंडी. ती स्वतःची थापी घेऊन आली होती, लाकडी मुठीची. कपडे कमी आणतील पण थापी विसरणार नाहीत अशी ती माणसं. आल्या दिवशी तिने थापी हातात घेऊन विचारलं, भिंत कुठे बांधायची?

नानांनी तिला शाल घातली.

दुसऱ्या दिवशी शाळेत सत्कार. तिसऱ्या दिवशी दूध डेअरीत. गावाने गोरी मुलगी पहिल्यांदाच बघितली होती, आणि अशी प्रमुख पाहुणी हाताशी असताना उद्घाटनं पुढे ढकलायची कशाला? तिने सलूनची फीत कापली, कबड्डीच्या मैदानाची कापली, गुरांच्या लसीकरणाची कापली. शेजारच्या गावाने तर जुन्याच पाणपोईला नवी फीत बांधली. नाना बैलगाडीत पुढे बसायचे, मागे इंग्रिड आणि मी. इंग्रिडच्या पिशवीत थापी. न जाणो, कार्यक्रमानंतर कुठे एखादी भिंत मिळाली तर.

भिंत मिळत नसे. वसतिगृहामागे न्हाणीघरासाठी विटा येऊन पडल्या होत्या. एकदा तिने त्यातली एक उचलली, तर पाच बायका धावत आल्या आणि तिच्या हातातून काढून घेतली. तिने स्वतःचं ताट घासलं तर माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पहाटे उठून अंगण झाडायला लागली, तर दुसऱ्या दिवसापासून आई तिच्या आधी उठायला लागली. आठवड्याभरात दोघी इतक्या लवकर उठू लागल्या की आमचा कोंबडा गोंधळला. दसऱ्याला नानांनी थापी पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. आता थापी कामाला लागणार म्हणून इंग्रिड हरखली. नानांनी थापीला शाल पांघरली.

मी नानांना तिचं म्हणणं सांगायची, पण जरा मऊ करून. ती म्हणायची, मला काम द्या, नाहीतर मला वेड लागेल. मी सांगायची, तिला काम आवडतं. नाना कौतुकाने मान हलवायचे. "पाव्हनीले कोनी कामले लावतस का?" हे मी इंग्रजीत सांगायची, तेही मऊ करून: नाना विचार करतायत. असं आम्ही तिघांनी आठ महिने काढले.

एकविसावी फीत पिठाच्या गिरणीची होती. मांडव, पेढे, लाउडस्पीकर, सगळं होतं. नानांनी ताटातली कात्री पुढे केली. इंग्रिडने ती घेतली नाही. हात मागे बांधून ती मला अगदी शांतपणे काहीतरी म्हणाली. लाउडस्पीकर चालू होता आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. नानांनी विचारलं, काय म्हनी ती?

मऊ करायला वेळच नव्हता. मी म्हणाले, "ती म्हणते, उद्याच्या गाडीने मी परत जाते. माझा इथे काही उपयोग नाही."

ते लाउडस्पीकरवर गेलं. माझं ते आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण.

गिरणीच्या मालकाने घाईघाईने स्वतःच फीत कापली. नाना एकटेच चालत घरी गेले. पाहुण्याला पोचवायला ते गाडीत बसले नाहीत, असं पहिल्यांदाच झालं.

दुपारी इंग्रिड बॅग भरत होती. नाना आले आणि ओट्यावर बसले. पिशवी आणली नव्हती. मला म्हणाले, तिले बलाव. आणि हे बघ पोरी, मी सांगस तसं तिले सांग, कमी नको करू. म्हणजे मी कमी करत होते हे त्यांना माहीत होतं.

मग त्यांनी सांगितलं. तेही विसाव्या वर्षी असेच वर्षभरासाठी घराबाहेर पडले होते. लांब, राजस्थानातल्या एका कोरड्या गावात, विहीर खोदायला. कुणी पाठवलं नव्हतं. पेपरात वाचलं आणि गेले. तिथली भाषा येत नव्हती. सकाळी विहिरीत उतरायचं, संध्याकाळी वर यायचं, देवळाच्या पडवीत झोपायचं. लोक वाईट नव्हते, पण मजूर समजायचे. भाकरी द्यायचे, पण ओट्यावर बोलवायचे नाहीत. वर्षभरात कुणाच्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही.

"तवय ठरायं," नाना म्हणाले, "मना गावमा कोनी उना, ते त्याले पह्यले मान देवाना. काम मंग."

मी एकही शब्द न गाळता इंग्रिडला सांगितलं. ती बॅग सोडून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिने राजस्थानाबद्दल काही विचारलं नाही. विहीर किती खोल गेली होती, हे विचारलं.

नाना एकदम ताठ बसले. चाळीस हात, म्हणाले. आणि मग थांबेचनात. वरची वीस हात माती, मग मुरूम, मग काळा खडक. खडकाला सुरुंगाचं भोक कसं पाडायचं, पहार कशी धरायची म्हणजे मनगट झिणझिणत नाही. इंग्रिड मधे मधे विचारायची, कडेला दगड कसा रचला, माती ढासळायची का. नाना ओट्यावर बोटाने आकृती काढायचे, ती पुसून दुसरी काढायचे. चहा आला तसाच राहिला. अठरा वर्षं मी त्यांच्या समोर राहत होते. नानांना पहार धरता येते हे मला माहीत नव्हतं. ते मी कधी विचारलंही नव्हतं.

शेवटी इंग्रिडने विचारलं, पाणी कसं होतं? गोड?

मी विचारलं. नानांनी ओट्यावरची शेवटची आकृती तळव्याने पुसली.

"माले माहीत नई," ते म्हणाले. "पानी लागाना पह्यलेच मनं वरीस सरी गयं."

मी ते इंग्रजीत सांगितलं.

मग नानांनी मला विचारलं, तिना कितला महिना बाकी शेत?

चार, मी म्हणाले.

नानांनी अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. पहिल्यांदा पटकन, मग पुन्हा सावकाश. वसतिगृहामागच्या विटांच्या दिशेला बघितलं.

"मंग व्हई जाई," ते म्हणाले, आणि बाह्या वर सारत ओट्यावरून खाली उतरले.