शून्य क्रमांकाची कुपी

उत्तरेकडच्या बर्फाळ उमेओ शहरातल्या रक्तवाहिनी संशोधन संस्थेला एकोणीस वर्षांपूर्वी निरोगी माणसाचं रक्त तातडीने हवं होतं. रीतसर निरोगी माणूस मिळवायचा तर जाहिरात, अर्ज आणि समितीची परवानगी लागते. प्रयोगशाळेतली गुनवोर होल्मलुंड मात्र समोरच उभी होती, बर्फातून सायकल हाणत आलेली, लालबुंद गालांची. "अगं, तुझंच दे की," प्रोफेसर टुरे लिंडफॉश म्हणाला. तिने बाही वर केली, बदल्यात दालचिनीचा पाव खाल्ला आणि त्या कुपीवर शून्य क्रमांक पडला.

यकृताच्या पेशींवर रक्तातलं कोलेस्टेरॉल आत ओढणारे हात आहेत असं समजा. एक एन्झाइम ते हात मोडत असतं. बेताने मोडलं तर ठीक. जास्तच मोडलं, तर कोलेस्टेरॉल रक्तात भटकत राहतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मुक्काम ठोकतं. बेत म्हणजे नेमकं किती आणि रक्तात कोलेस्टेरॉल किती चालेल, हे शून्य कुपीवरून ठरलं आणि प्रांतातल्या सगळ्या दवाखान्यांनी तीच मर्यादा घेतली. प्रांतातले आजारी त्याच वर्षी निम्म्यावर आले. टुरेला पदक मिळालं.

यंदा नवं यंत्र आलं. ते बाहेरून येताना आपली मोजमापं घेऊन आलं होतं आणि त्याला पदकाची काही कल्पना नव्हती. गुनवोरने गोठवून जपलेल्या शून्य कुपीतला थेंब त्यात घातला. एन्झाइम असायला हवं त्याच्या तिप्पट निघालं. तिने तीनदा मोजलं. तिचे वडील बावन्नाव्या वर्षी लाकडं फोडताना छाती धरून खाली बसले होते, ते उठलेच नाहीत. दोन महिने जिना चढताना तिच्याही छातीत कळ येत होती. "म्हणजे मी आजारी आहे," ती स्वतःशी म्हणाली. एकोणीस वर्षांत संस्थेत लागलेला हा पहिला खरा शोध होता.

ती आरोग्य केंद्रात गेली. डॉक्टर मारितने तिचं रक्त तपासलं आणि रिपोर्ट कौतुकाने उजेडात धरला.

"गुनवोर, तू नॉर्मलशी तंतोतंत जुळतेस गं. दशांशाचाही फरक नाही. असा रिपोर्ट मी जन्मात पाहिला नव्हता."

"जुळणारच. ते नॉर्मल म्हणजे मीच आहे."

"मग तर फारच छान."

"माझे वडील यातच गेले, मारित. मला औषध दे."

"नॉर्मल माणसाला औषध दिलं तर मलाच जाब द्यावा लागेल. तू मर्यादा बदलून आण, लगेच लिहून देते."

संस्थेत मतदान होत नाही. एकमत होईपर्यंत बैठका होतात. पहिल्या बैठकीत विषय नोंदवला, दुसरीत तिसरीची तारीख ठरली. दरम्यान सात आठवडे गेले आणि गुनवोर जिन्यात दोनदा थांबू लागली.

तिसऱ्या बैठकीत टुरेने कॉफी ओतली. "मर्यादा चुकली म्हणायची, तर एकवीस जणांच्या पीएचड्या चुकल्या. शिवाय अर्धा प्रांत रातोरात आजारी पडणार. त्यापेक्षा गुनवोर निरोगी आहे असा ठराव करू. कुणाचंच नुकसान नाही."

"माझं आहे," गुनवोर म्हणाली.

"तू भावनिक होते आहेस. नमुन्याचे निकालात हितसंबंध असू नयेत."

"नमुना दुसऱ्या मजल्यावर आला की त्याच्या छातीत दुखतं, टुरे."

"जिन्याची तपासणी करून घेऊ," टुरे म्हणाला, आणि चिटणिसाने ते लिहून घेतलं.

या उत्तरेत 'हो' म्हणण्याचे कष्ट कुणी घेत नाही. ओठ आवळून थोडी हवा आत ओढली, की झाली संमती. टुरेने टेबलाभोवती नजर फिरवली आणि अकरा जणांनी एकामागून एक हवा ओढली. मग तो गुनवोरकडे वळला. तिचं 'नाही' तयारच होतं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात छाती कुणी मुठीत आवळावी तशी कळ आली आणि तिचा श्वास स्सकन आत ओढला गेला.

चिटणिसाने लिहिलं, 'एकमताने मंजूर.' टुरेने पावांचं ताट पुढे सरकवलं. गुनवोर खुर्चीवरून घसरली, तेव्हा ती पडलेला रुमाल उचलते आहे असा सर्वांचा समज झाला.

ती वाचली. शल्यविशारदाने तीन रक्तवाहिन्या मोकळ्या केल्या आणि घरी सोडताना कागदावर नियमाप्रमाणे लिहिलं, 'तीन रक्तवाहिन्या बंद होत्या. एन्झाइम आणि कोलेस्टेरॉल नॉर्मल. औषधाची आवश्यकता नाही.'

निघताना नर्स रिकामी कुपी घेऊन आली. "संस्थेची शून्य कुपी संपत आली आहे म्हणे. थोडं देशील ना?" गुनवोर शहाणी झाली होती. तिने ओठ मिटून श्वास घट्ट धरून ठेवला. नर्सने थोडा वेळ वाट पाहिली आणि रकान्यात लिहिलं, 'हरकत नाही.'

तुम्हाला हसू आलं असेल. आता कपाटातला तुमचा मागचा रिपोर्ट काढा. तुमच्या आकड्यासमोर कंसात एक मर्यादा छापलेली आहे. आपण तिच्या आत आहोत हे पाहून त्या दिवशी घरी येताना तुम्ही जिलेबी आणली होती. ती मर्यादा कुणाच्या रक्तावरून ठरली, हे काही तुम्ही विचारलं नव्हतं.