उभ्यानं शिकलेली केमिस्ट्री

परसूमामा ऑनलाइन वर्गाला उभा राहतो.

मोबाईल आमच्या खिडकीत, पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. पडद्यावर एक तरुण मॅडम कन्नडमधून अणूची रचना समजावून सांगतायत. समोर एकसष्ट वर्षांचा परसूमामा: खाकी शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, दोन्ही हात पाठीमागं. शेजारी खुर्ची रिकामी.

"मामा, बसा की. हे रेकॉर्डिंग आहे. मॅडमना तुम्ही दिसत नाही."

"मला त्या दिसत्यात न्हवं? मग झालं."

एकदा वर्ग चालू असताना त्याला बाहेर जायचं होतं. व्हिडिओ थांबवता येतो हे मी दहा वेळा शिकवलं होतं. पण त्यानं पडद्याकडं बघून करंगळी वर केली, मॅडमनी बोलता बोलता मान हलवेपर्यंत वाट बघितली आणि मगच तो गेला.

परसूमामा कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं अटेंडर होता. परीक्षानळ्या धुणं, बाटल्या भरणं, फुटलेली काच गोळा करणं ही त्याची नोकरी. सर शिकवत असताना अटेंडरनं बसायचं नसतं, हे त्याच्या पायांत बत्तीस वर्षं मुरलेलं. रिटायर होऊन त्याला वर्ष झालंय, पायांना अजून ऑर्डर मिळालेली नाही.

मी त्याच कॉलेजचा; तिथली सगळी पोरं त्याला मामाच म्हणायची. आमच्या घरात सगळ्यांची हाडं लाकडाच्या डेपोत ओंडके उचलण्यात झिजली. कॉलेज बघितलेला पहिला माणूस मी. आता कर्नाटकाच्या हद्दीतल्या रामनगरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दारावरच्या पाटीवर नावापुढं बी.एस्सी. लिहिलंय, आणि ते लांबून वाचता येईल एवढं मोठं लिहिलंय. त्याची मला लाज नाही.

मामाचं गाव रामनगरहून आत, जंगलाला लागून. तिथं फोनला रेंज नाही. म्हणून एका रविवारी पहिल्या बसनं तो माझ्याकडं आला आणि नवाकोरा मोबाईल माझ्या हातात ठेवून म्हणाला, "सर, ह्येच्यात कॉलेज हाय म्हणं. मला घाला."

"कशाला घालू?"

"केमिस्ट्रीला. पयलं वरीस. बत्तीस वर्सं बाटल्या धुतल्या, आत काय हुतं ते बघाय नको?"

मी शोधलं. पदवीच्या पहिल्या वर्षाची तोंडओळख, बारा आठवडे, फुकट. शेवटी शंभर मार्कांची परीक्षा, चाळीसला पास. परीक्षा दोनदा देता येते, तिसऱ्यांदा नाही. फॉर्ममध्ये शिक्षण विचारलं तेव्हा तो "सातवी" म्हणाला. व्यवसाय विचारला तेव्हा छाती काढून "केमिस्ट्री" म्हणाला.

"पास न्हाई झालो तर काय करत्यात?" त्यानं विचारलं.

"काही करत नाहीत मामा. सर्टिफिकेट मिळत नाही, एवढंच."

"न्हाई न्हाई. मला पास व्हायलाच पायजे. एका ठिकाणी बोलाय जायचंय. नापास माणसानं तिथं बोलाय जाऊ नये."

कुठल्या ठिकाणी, ते काही तो सांगेना. मीही खोदून विचारलं नाही. पण त्या दिवसापासून प्रत्येक रविवारी, खाकी शर्ट घालून, तो पहिल्या बसला असायचा.

परसूमामाला केमिस्ट्री येत नव्हती असं म्हणणं चुकीचं होईल. त्याला केमिस्ट्री येत होती, फक्त पुस्तकाकडून नव्हे, मोरीकडून. कुठला डाग कशानं निघतो, कुठली बाटली उघडताना तोंड फिरवायचं, कुठल्या पावडरीला पावसाळ्यात पाणी सुटतं, हे त्याला हातानं ठाऊक. "आधी वास, मग विश्वास," हे त्याचं ब्रीद. आमच्या घरी चहा दिला तरी कप नाकापासून वीतभर लांब धरून, दुसऱ्या हातानं वाफ हळूच नाकाकडं ढकलतो. आमच्या हिला पहिल्यांदा राग आला होता. मी सांगितलं, अगं, लॅबमध्ये असाच वास घेतात, बाटलीत नाक घातलं तर माणूस पडेल. तेव्हापासून ती चहा त्याच्यापुढं जरा भीतभीतच ठेवते.

माणसंसुद्धा तो बाटल्यांसारखी ओळखतो. आमचे हेडमास्तर म्हणजे कॉपर सल्फेट. "दिसाय निळंशार. जरा तापवलं की पांडरं फटक." रामनगरच्या बसचा कंडक्टर म्हणजे सोडियम. "कोरडा हाय तवर बरा. पावसात भिजला की पेटतोय." स्वतःच्या बायकोला तो नायट्रिक म्हणतो. "झाकण उघडं टाकून कुठं जायचं न्हाई."

मी एकदा धीर करून विचारलं, "आणि मी, मामा?"

"तुमी सर, डिस्टिल्ड वॉटर. शुद्ध. पण चव न्हाई."

चौथ्या आठवड्यात मोल आला आणि मामा अडला. एका मोलमध्ये किती कण, तो आकडा मॅडमनी फळ्यावर लिहिला. मामा शून्यं बघत राहिला.

"एवढं कुणी मोजलं?"

"मोजले नाहीत मामा. डझन असतो ना, तसं आहे."

"डझन केळी मी डोळ्यानं बघितल्यात. ह्ये कुणी बघितलंय?"

दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी तो बसमधून उतरला तोच ओरडत. ट्रक थांबलेले, गोव्याकडं जाणारी माणसं चहा पितायत, आणि मधून हा हात वर करून येतोय. "सर! घावलं! खंडी!"

"काय खंडी?"

"आमी खंडीभर भात म्हणतो तवा दाणं मोजतो काय? न्हाई! मापानं मापतो. तरी दाणं किती तेचा अंदाज हाय का न्हाई? मोल म्हंजे खंडीच की वो!"

अगदी शंभर टक्के बरोबर नव्हतं ते. पण माझ्या नववीच्या पोरांना मी इतकी वर्षं जे समजावतोय त्यापेक्षा बरं होतं. मी तसं म्हणालो तेव्हा तो एवढा खूश झाला की पलीकडच्या भाताच्या गिरणीत जाऊन गिरणीवाल्याला म्हणाला, "साहुकार, एक मोल भात भरडून द्या." गिरणीवाला अजून मला विचारतो, ते कुठलं नवीन माप निघालंय सरकारचं.

बारा आठवडे संपले. पहिली परीक्षा त्यानं माझ्या ओसरीत दिली, उभ्यानंच. रंगाचे प्रश्न आले की पर्याय वाचायच्या आधीच बोट पडायचं. गणितं आली की घाम. निकाल आला, चौतीस.

सहा मार्कांनी गेलं. खाकी शर्टाचं वरचं बटण त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं. "आता एकच डाव र्‍हायला," एवढंच म्हणाला.

मी मास्तर माणूस, उत्तरपत्रिका धुंडाळायला बसलो. बघतो तर एका धड्यावरचे सगळेच प्रश्न चुकलेले. नववा आठवडा, ऑक्सिडेशन, लोखंडाचं गंजणं. मग आठवलं, नवव्या आठवड्याचा व्हिडिओ आम्ही बघितलाच नव्हता. मी लावायला गेलो की मामा "फुडचा लावा" म्हणायचा. एकदा पाऊस येतोय म्हणाला होता, एकदा बस चुकेल म्हणाला होता.

"मामा, हा बघितल्याशिवाय पास होणार नाही."

त्यानं तांब्याला टेकवलेला मोबाईल सरळ केला. मग म्हणाला, "लावा."

मॅडम सांगत होत्या. फेरस म्हणजे हिरवट लोखंड. त्याची बाटली नीट बंद नसली की हवेतला ऑक्सिजन त्याला लागतो आणि वरवर तांबूस गंज चढतो, म्हणजे फेरिक. वरून बघणाऱ्याला वाटतं सगळं फेरिक. पण आत बरंचसं फेरसच असतं. द्रावण करून टेस्ट घ्या, तळाशी बसणारा साका हिरवाच येईल.

मामानं व्हिडिओ मागं घेतला. परत ऐकलं. परत मागं घेतला. सहा-सात वेळा त्या मॅडम तेच वाक्य बोलल्या.

"तिचं बरूबर हुतं," मामा म्हणाला. आणि पडद्यावर मॅडम बोलत असताना तो मटकन खुर्चीत बसला.

मग त्यानं सांगितलं. त्याच्या आधी मला माझं सांगायला पाहिजे.

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेला प्रत्येकाला एक पांढरी नाहीतर रंगीत पूड मिळायची; तिच्यात काय आहे ते टेस्ट करून ओळखायचं. पुड्या बांधायचा परसूमामा. गरीबघरचं पोर घाबरून उभं असलं की मामा परीक्षानळ्या द्यायच्या निमित्तानं जवळून जायचा. उजवा कान खाजवला की झिंक. नाक चोळलं की अमोनियम. मिशी एकदा ओढली की फेरस, दोनदा ओढली की फेरिक. माझ्या परीक्षेत त्यानं कान खाजवला होता. दारावरच्या पाटीतली थोडी अक्षरं त्या कानाची आहेत, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्यानंतर काही वर्षांनी शेवंती नावाची पोर होती. अणशीकडची. हुशार. तिच्या वाट्याला जुन्या बाटलीतली पूड आली. मामानं ती बांधताना बघितली होती: तांबूस. तिचा साका हिरवा आला, तिनं निरीक्षणात हिरवा लिहिला, उत्तरात फेरस लिहिलं. मामा जवळून गेला आणि त्यानं मिशी दोनदा ओढली. तिनं फेरस खोडून फेरिक केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही बघितली. निरीक्षण एक, उत्तर भलतंच. म्हणजे कुणीतरी सांगितलंय. त्यांनी शून्य दिलं. 'कॉपी केलेल्या पोरीला परत कॉलेजात धाडत न्हाई,' म्हणून बापानं तिला घरी बसवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथंच जवळच्या वाडीत लग्न.

"पंधरा वर्सं झाली. तीच चुकली आसंल, म्या कसा चुकीन, आसं मनाला सांगत आलो," मामा म्हणाला. "पण ती खोडाखोड डोळ्याफुडनं जाईना. खरं काय हुतं ते पुस्तकातनंच कळणार. आनि कळलं की तिला जाऊन सांगायचं. खरं शिकून. ऐकून न्हवं."

पुढचे चार रविवार त्या माणसानं मला जेवू दिलं नाही. गणितं, गणितं, गणितं. खडूनं ओसरीची फरशी भरली. आमची ही भाकरीचं पीठ मळताना आतून 'मोलॅरिटी म्हणजे काय हो मामा' म्हणून मुद्दाम विचारायची, आणि मामा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून उत्तर द्यायचा.

दुसऱ्या परीक्षेच्या शेवटच्या प्रश्नाला रेंज गेली. मी मोबाईल हातात घेऊन रस्त्यावर पळालो, मामा माझ्यामागं, आणि दोन ट्रकांच्या मधे उभं राहून त्यानं शेवटचं उत्तर दाबलं. ट्रकवाले हॉर्न मारतायत. पडद्यावर चाक फिरतंय. आणि निकाल आला: बावन्न.

"बावन्न!" मी ओरडलो.

"कितीत?" पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं काचेतून डोकं काढून विचारलं.

"शंभरात!"

"मग वरडालाईस कशाला?"

"आरं, केमिस्ट्रीत!" मामा म्हणाला. त्यानं ट्रकच्या बॉनेटवर थाप मारली, मग माझ्या पाठीवर मारली. ड्रायव्हरनं काय समजून घेतलं कोण जाणे, पण त्यानंही लांबलचक हॉर्न दिला.

पुढच्या रविवारी माझ्या मोटारसायकलवरून आम्ही अणशीच्या वाटेला लागलो. मामाच्या शर्टाच्या आत, छातीशी, सर्टिफिकेटची छापील प्रत. घाटात दोनदा त्यानं गाडी थांबवायला लावली. तोंडाला कोरड पडलीय म्हणाला.

शेवंती अंगणात सुपारी सोलत बसली होती. डोक्याला रुमाल, पुढ्यात सालींचा ढीग. तिनं डोळे बारीक केले. "कोण? लॅबमधलं परसूमामा? आवो या की!"

मामानं सर्टिफिकेट काढून तिच्यापुढं धरलं. "ह्ये बघ, बाय. म्या पास झालोय. म्हणून बोलाय आलोय." मग एका दमात सगळं बोलला. बाटली जुनी, वरचा गंज, आतलं हिरवं. "मिशी दोनदा वडाय नको हुती. तुझं बरूबर हुतं."

शेवंतीनं हातातली सुपारी खाली ठेवली. हात पुसून कागद वाचून काढला.

"मला म्हाईत हुतं मामा. हिरवं म्या डोळ्यानं बघितलं हुतं."

"मग खोडलीस कशाला गं?"

"तुमचं कधी चुकत न्हवतं म्हणून."

मामाचा हात मिशीकडं गेला आणि अर्ध्यातच खाली आला. मग तिनंच विचारलं, "पण मामा, त्यो गंज चढतोय कसा? ते मला कुणी सांगितलंच न्हाई."

मामा लगेच खाली बसला. न्हाणीच्या चुलीजवळचा कोळशाचा तुकडा घेतला आणि अंगणातल्या सपाट दगडावर लिहायला लागला. लोखंड, ऑक्सिजन, आम्ल. बाण. पलीकडं लोखंड आणि पाणी. शेवंती पुढं वाकली. ओठ हलायला लागले. मग तिनं त्याच्या हातातला कोळसा काढून घेतला.

"बॅलन्स झालं न्हाई मामा. ऑक्सिजनचे दोन हायत न्हवं?" लोखंडापुढं दोन्हीकडं चार लिहिले. आम्लापुढं चार. पाण्यापुढं दोन. मग रेघ मारून विचारलं, "आता तांब्याच्या भांड्यावर हिरवं चढतंय, त्येचं?"

परसूमामा दगडाशी सरकून बसला.

"ते मला अजून येत न्हाई, बाय," तो म्हणाला. "तू सांग."